मुलांची थंडी आणि घरची सुई

पावसाळा सरून कार्तिक उजाडला की जोयडा तालुक्यातील हवामान एकदम पालटते. कॅसलरॉक, कुंभारवाडा, अणशी, उळवी या घाटमाथ्यावरील जंगलवेष्टित गावांतून रात्री गार पडू लागतात आणि पहाटे धुके उतरते. दुपारी मात्र ऊन चांगलेच तापते. सकाळी कुडकुडत शाळेला निघालेले मूल दुपारी घामाघूम होऊन परतते, असा हा विषम ऋतू असतो. वस्त्या विरळ, बाजार दूर आणि मुलांचे वाढते अंग, यांमुळे दरवर्षी नवे उबदार कपडे विकत घेणे अनेक कुटुंबांना परवडत नाही. तथापि टोपी, हातमोजे, गळपट्टी यांसारख्या वस्तू घरच्या घरी, थोडक्या कापडात व साध्या सुईने शिवता येतात. त्या कशा शिवाव्यात आणि त्या वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती येथे दिली आहे.

ऊब म्हणजे काय?

कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता शरीराचीच असते. कापडाच्या धाग्यांत व दोन पदरांमध्ये अडकलेली स्थिर हवा ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे पुष्कळदा अधिक उबदार ठरतात. तसेच कापड ओले झाले की त्यातील हवेची जागा पाणी घेते व ऊब नाहीशी होते. ‘पदर वाढवावेत आणि कोरडे ठेवावे’ हे दोन नियम ध्यानी ठेवले म्हणजे पुढील सर्व गोष्टी सहज उमगतील.

हे ज्ञान या भागाला नवे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे एकावर एक रचून ‘कवंदी’ शिवतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने धावदोरा घालीत त्या मध्यापर्यंत येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडीच्या तुकड्यांची ‘फुले’ बसवितात. तान्ह्या बाळांसाठी लहान कवंद्याही शिवल्या जातात. अमेरिकेतील कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कलेचा अभ्यास केल्यामुळे तिची ओळख परदेशांतही झाली आहे. आपल्याकडील गोधडी किंवा वाकळ हीदेखील याच तत्त्वावर आधारलेली आहे.

कापडाची निवड

लोकर हे थंडीचे जुने व विश्वासू वस्त्र होय. फाटकी शाल, आटलेला स्वेटर यांतून लहान मुलांच्या वस्तू उत्तम निघतात. लोकर खरखरीत असल्यास आतून जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे अस्तर लावावे.

अलीकडे बाजारात ‘फ्लीस’ या नावाने मिळणारे मऊ, लवदार कापड व त्याची ब्लँकेटे सर्वत्र दिसतात. हे कापड पॉलिएस्टरच्या धाग्यांचे असते. अमेरिकेतील माल्डन मिल्स या गिरणीने १९७९ मध्ये ते प्रथम तयार केले. आता ते वापरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासूनही बनविले जाते. ते विणीचे कापड असल्याने कापल्यावर त्याचे धागे सुटत नाहीत. त्यामुळे काठ दुमडण्याचे श्रम वाचतात. ते वजनाला हलके असते आणि पाणी फारसे शोषीत नसल्याने लवकर वाळते. दमट हवेच्या या तालुक्यात हा गुण मोलाचा आहे. मात्र त्याचा एक मोठा दोष आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

टोपी शिवण्याची कृती

प्रथम कपाळापासून कानांवरून डोक्याचा घेर मोजावा. एक वर्षाच्या मुलाचा घेर साधारणतः ४६ सेंटिमीटर असतो. पाच वर्षांच्या मुलाचा तो ५० ते ५१ सेंटिमीटर भरतो. तरी प्रत्येक मुलाचे माप घेणेच इष्ट होय. फ्लीस दोन्ही हातांनी ओढून पाहावे. ज्या दिशेने ते अधिक ताणले जाते, ती दिशा डोक्याभोवती यावयास हवी.

वर्षाच्या मुलासाठी ४६ सेंटिमीटर रुंद व २४ सेंटिमीटर उंच तुकडा बेतावा. शिलाईत दोन सेंटिमीटर जाऊन टोपी घेरापेक्षा किंचित लहान होते आणि ताणामुळे अंगासरशी बसते. सुलट बाजू आत ठेवून दोन्ही उभे काठ एक सेंटिमीटर आत जोडावेत. आता झालेली नळी सपाट करून मध्ये दुमडावी, म्हणजे चार पदर होतील. वरच्या सात सेंटिमीटर भागाला दोन्ही बाजूंनी कमानीचा आकार देऊन कापावे. घडी उलगडल्यावर चार पाकळ्या दिसतील. लगतच्या पाकळ्यांच्या कडा एकमेकींना जोडल्या की टोपीचा माथा तयार होतो. टोपी सुलट करून खालचा पाच सेंटिमीटर काठ बाहेर दुमडावा. या दुमडीने कानांवर दुहेरी पदर येतो.

हाताने शिवावयाचे असल्यास उलटटीप घालावी, कारण धावदोरा ताणाने तुटतो. पायमशीनवर टाके थोडे लांब ठेवावेत आणि शिवताना कापड अगदी किंचित ताणून धरावे. आडवा ताण असलेल्या दीड मीटर रुंद व एक मीटर लांब फ्लीसमधून वरील मापाच्या बारा टोप्या निघतात. महिला संघांनी एकत्र बेतणी केल्यास काटकसर होईल.

हातमोजे, गळपट्टी आणि कुंची

लहान बाळाच्या हातमोज्याला अंगठा नको. हाताच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठी अशी पिशवी पुरेशी होते. मनगटाच्या इलास्टिकखाली आपली करंगळी सहज गेली पाहिजे. आतील एकही दोरा सुटा राहू देऊ नये. सुटा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेल्यास रक्तप्रवाह थांबून बोटास गंभीर इजा होते. म्हणून घालण्यापूर्वी मोजा दर वेळी उलटा करून पाहावा.

शाळकरी मुलांना लांब मफलरऐवजी बंद गळपट्टी द्यावी. ५२ सेंटिमीटर रुंद व २२ सेंटिमीटर उंच तुकड्याचे काठ जोडून नळी केली की ती डोक्यावरून गळ्यात घालता येते. लोंबणारा मफलर सायकलच्या चाकात किंवा झोपाळ्यात अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. बंद गळपट्टीत तो टळतो.

बाळाला बाहेर नेताना आपली परंपरागत कुंची सोयीची असते, कारण ती डोके, कान आणि पाठ एकदम झाकते. जुन्या खणाच्या कुंचीला आतून मऊ उबदार अस्तर लावल्यास ती थंडीत उत्तम उपयोगी पडते. मात्र बाळ झोपताना कुंची, सैल टोपी व गळ्याजवळच्या नाड्या काढून ठेवाव्यात आणि तोंडावर पांघरूण येऊ देऊ नये. मानेमागे घाम आल्यास एक पदर कमी करावा.

विस्तवापासून सावध

फ्लीसचा मोठा दोष म्हणजे ते विस्तवाने वितळते. पेटलेल्या सुती कापडाची राख होते. पॉलिएस्टर मात्र वितळून कातडीला चिकटते व खोल भाजते. आपल्या घरांत चूल असते, अंगणात शेकोटी पेटते आणि बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी व धुरी देण्याची चाल आहे. या सर्व ठिकाणी मुलाच्या अंगावर फ्लीस असता कामा नये. तेथे सुती किंवा लोकरीचेच कपडे घालावेत, कारण लोकर सहजी पेट घेत नाही. दुर्दैवाने मूल भाजलेच, तर चिकटलेले कापड ओढून काढू नये. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे आणि तात्काळ दवाखाना गाठावा. याच कारणास्तव फ्लीसला गरम इस्त्रीही करू नये.

नवजात बाळाची विशेष काळजी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावे. अंगाच्या मानाने बाळाचे डोके मोठे असल्याने तेथून पुष्कळ उष्णता जाते, आणि मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. म्हणून जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करणे, आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणे, टोपी घालणे आणि पहिली आंघोळ किमान एक दिवस लांबविणे हितावह आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये कमी वजनाच्या बाळांसाठी याच पद्धतीने आरंभ झालेली ‘कांगारू पद्धत’ आज जगभर मान्य झाली आहे.

एक सोपी परीक्षा प्रत्येक आईने शिकावी. बाळाचे पोट व तळवे हाताने चाचपावेत. दोन्ही उबदार असल्यास चिंता नाही. पोट उबदार पण तळवे गार लागल्यास बाळाला थंडी वाजत आहे, असे समजून ऊब द्यावी. पोटही गार लागल्यास बाळाला छातीशी धरूनच विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. अशा वेळी टोपी-मोज्यांवर विसंबून राहणे घातक ठरते.

सर्वांचा हातभार

शाळेतील कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी मुलामुलींकडून टोपी बेतून घ्यावी. मापे, भूमिती आणि काटकसर हे तीनही धडे तीत आहेत. अंगणवाडी कार्यकर्त्यांनी मातांच्या बैठकीत विस्तवाची सूचना व पोट-तळव्यांची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. वाकळ शिवणाऱ्या वृद्ध स्त्रियांना अशा बैठकींत मानाने बोलवावे, कारण पदरावर पदर रचण्याची विद्या त्यांच्या हातात आहे. दिवाळी उलटताच हे काम हाती घेतले, तर माघातील उळवीच्या यात्रेला गाडीत बसून निघालेल्या मुलांचे कान उबदार टोपीखाली झाकलेले असतील.