आभासी यंत्रावरील नवी सर्व्हर प्रणाली

प्रत्यक्ष संगणकाचा प्रक्रियक, स्मृती व संचयन यांची आज्ञावलीच्या साहाय्याने विभागणी करून निर्माण केलेल्या स्वतंत्र संगणकास आभासी यंत्र म्हणतात. ही विभागणी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरवायझर, प्रत्यक्ष संगणकास यजमान व आभासी यंत्रात चालणाऱ्या परिचालन प्रणालीस पाहुणी प्रणाली अशा संज्ञा आहेत.

हे तंत्र आयबीएम कंपनीने १९६०–७० या दशकात मोठ्या संगणकांसाठी विकसित केले. १९७२ मध्ये तिने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये हे तंत्र वैयक्तिक संगणकांवर आणले. पुढे इंटेल (२००५) व एएमडी (२००६) यांनी प्रक्रियकातच त्यास पूरक सोय केल्यावर त्याचा प्रसार वाढला.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत मोटारींचे सुटे भाग तयार करणारे लघुउद्योग आहेत. अशा कारखान्याचे हिशेब, मालसाठा व वेतनपत्रके बहुधा एकाच सर्व्हरवर असतात. विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबल्या. त्यामुळे ती वापरणाऱ्यांपुढे नवी प्रणाली प्रत्यक्ष यंत्रावर बसवावी, की आभासी यंत्रात चालवावी, हा प्रश्न आला.

फायदे : जुनी व नवी प्रणाली एकाच यजमानावर शेजारीशेजारी चालविता येतात. त्यामुळे जुनी हिशेब-आज्ञावली नव्या प्रणालीवर नीट चालते, याची खात्री होईपर्यंत काम थांबत नाही. बदल करण्यापूर्वी यंत्राची तात्कालिक स्थिती जतन करून ठेवता येते व बिघाड झाल्यास पूर्वस्थितीवर परतता येते. आभासी यंत्र काही फायलींच्या रूपात असल्याने यजमान नादुरुस्त झाल्यास त्याची जतन केलेली प्रत दुसऱ्या संगणकावर सुरू करता येते. यंत्रांची संख्या घटल्याने वीज व जागा यांचीही बचत होते.

तोटे : यजमान बंद पडल्यास त्यावरील सर्व पाहुण्या प्रणाली एकाच वेळी बंद पडतात. स्मृती व चकती यांवर ताण येऊन वेग मंदावू शकतो. आज्ञावलीच्या परवान्यासाठी यंत्रास जोडावी लागणारी कळ किंवा जुने यंत्रजोड आभासी यंत्रास नेहमीच उपलब्ध होतात असे नाही. परवान्यांचा हिशेबही वेगळा असतो. विंडोज सर्व्हर २०२५ च्या स्टँडर्ड आवृत्तीत यजमानाच्या सर्व प्रक्रियक-गाभ्यांचा परवाना घेतल्यावर दोनच आभासी यंत्रांत ती प्रणाली चालविता येते. तिसऱ्यासाठी सर्व गाभ्यांचा परवाना पुन्हा घ्यावा लागतो. शिवाय या प्रणालीस आवश्यक असलेल्या आज्ञा फार जुन्या प्रक्रियकात नसल्यास आभासी यंत्राने ती उणीव भरून निघत नाही. हायपरवायझरच्या विक्रीच्या अटी बदलण्याचाही धोका असतो. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली.

जतन केलेली तात्कालिक स्थिती ही सुरक्षित प्रत नव्हे. ती बहुधा मूळ चकतीवरच असल्याने चकती निकामी झाल्यास दोन्ही नष्ट होतात. म्हणून माहितीची स्वतंत्र प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे व ती पुन्हा उघडते की नाही हे वेळोवेळी तपासणे आवश्यक असते. एवढी व्यवस्था व पुरेशी स्मृती असलेला यजमान उपलब्ध असल्यास लहान उद्योगास आभासी मार्ग सोयीचा ठरतो. अन्यथा एकाच कामासाठी एकच प्रत्यक्ष सर्व्हर ठेवणे अधिक सोपे असते.