नैराश्यावरची गोळी: सुरू करताना, घेताना, थांबवताना

नैराश्यावरचे औषध सुरू केले की मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण फायदा कळायला सहा ते आठ आठवडे जातात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो: मळमळ, डोकेदुखी, बिघडलेले पोट, अस्वस्थपणा, उडालेली झोप. ही लक्षणे बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरतात. पण तोवर ‘गोळीने उलट जास्तच त्रास झाला’ असे वाटून अनेकांचे औषध सुटते. आराम उशिरा पडतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत, घरच्यांच्या समोर सांगायला हवे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत त्यात अंतराची भर पडते. मानसोपचारतज्ज्ञासाठी अनेकांना पुणे गाठावे लागते. जुन्नरहून पुणे सुमारे ९० किलोमीटर आहे, आणि भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांवरून तर निघून घोडेगाव-मंचरला पोचण्यातच सकाळ जाते. टोमॅटोची तोडणी, कांद्याची लागण, पश्चिम पट्ट्यात हिरडा गोळा करण्याचे दिवस आले की दवाखान्याची तारीख मागे पडते आणि घरातली पाकिटे संपतात. या भागात औषध नीट चालायचे तर गोळ्यांचा हिशेब शेतीच्या कामांशी जुळवूनच ठेवावा लागतो.

औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी न विचारताही सांगाव्यात. पूर्वी कधी विनाकारण अतिउत्साह, अखंड बडबड, बेसुमार खर्च आणि कमी झोपेतही थकवा नाही, असा काळ गेला असेल तर तो द्विध्रुवी आजार असू शकतो. त्यात नुसती नैराश्यावरची गोळी दिल्यास रुग्ण उन्मादात जाण्याचा धोका असतो. हृदयविकार, काचबिंदू, लघवी अडणे, फिट येणे, गरोदरपण, दारू यांपैकी काही असेल तर तेही सांगावे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने घाबरून गोळी एकदम बंद करू नये. अशा काळात चालणारी औषधे आहेत आणि निवड डॉक्टरांशी बोलून होते.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन आणि एस्सिटालोप्राम ही आज जास्त वापरात असलेली औषधे. फ्लुओक्सेटिन सहसा सकाळी देतात, कारण त्याने झोप उडू शकते. अमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन गुंगी आणतात, म्हणून ती रात्री देतात. इथे शेतकऱ्याची खरी अडचण सुरू होते. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर उसाला पाणी द्यायला उठावे लागते, आणि या दोन तालुक्यांत उसात बिबट्या असतो. गुंगीत चालणे, मोटार सुरू करणे, ट्रॅक्टर चालवणे धोक्याचे आहे. पाळी रात्रीची आहे हे डॉक्टरांना कळले तर औषध किंवा वेळ बदलता येते. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, उठताना चक्कर येते. म्हाताऱ्या माणसांनी अंथरुणातून सावकाश उठावे.

लोक या सगळ्यांना ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात आणि सवय लागेल या भीतीने टाळतात. सवय लावणाऱ्या गोळ्या वेगळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. त्या सुरुवातीला काही आठवडे सोबत देतात आणि मग कमी करतात. घडते मात्र उलटेच. झोप लागते म्हणून ती गोळी मागून मागून चालू राहते, आणि आजार बरा करणारी गोळी सुटते.

दुसऱ्या औषधांशी पडणाऱ्या गाठीकडेही लक्ष हवे. अंगदुखीवर मिळणारी ट्रॅमाडॉल ही गोळी नैराश्यावरच्या औषधाबरोबर घेतल्यास क्वचित घाम, थरथर, ताप, जुलाब, स्नायूंचा ताठपणा आणि भ्रम अशी गंभीर स्थिती येते. क्षयरोगात दिल्या जाणाऱ्या लिनेझोलिडनेही असे होऊ शकते. अशी लक्षणे दिसताच थेट रुग्णालय गाठावे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन वारंवार घेतल्यास पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. वयस्क माणसाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातले सोडियम घसरू शकते. अचानक गोंधळणे, तोल जाणे ही त्याची खूण. म्हणून कोणत्याही दवाखान्यात चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. दारूने गुंगी वाढते आणि मन आणखी खचते.

पहिले काही आठवडे घरच्यांनी माणसाकडे नीट लक्ष ठेवावे. अंगात बळ आधी येते, निराशा मागाहून जाते, आणि २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीला आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा इशारा छापायला लावला. रुग्ण बेचैन, चिडका झाला, झोप पूर्ण उडाली किंवा मरणाची भाषा येऊ लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. घरातली कीटकनाशके कुलपात जावीत, गोळ्याही दुसऱ्याच्या ताब्यात असाव्यात. अमिट्रिप्टिलिनची जादा मात्रा हृदयाचे ठोके बिघडवून जीव घेऊ शकते. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. जीव धोक्यात असेल तर १०८.

एखादी गोळी राहिली तर आठवल्यावर घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. उपवासाच्या दिवशीही गोळी बंद ठेवू नये. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवी सोय करावी. जुन्या रुग्णाला दर वेळी पुण्याला जावेच लागेल असे नाही: केंद्राच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर दूरस्थ सल्ल्यानेही नैराश्यावरची चालू औषधे लिहून देऊ शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जवळ कोठे तपासणी होते, ते मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या ग्रामीण रुग्णालयात विचारावे.

मन ताळ्यावर आले की गोळी नकोशी होते. पहिल्याच आजारात बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात, आजार पुन्हा आलेला असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. थांबवताना मात्रा काही आठवडे ते महिने, पायरीपायरीने उतरवतात. एकदम बंद केल्यास काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, भडक स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त, फ्लुओक्सेटिनमध्ये कमी. हा त्रास सहसा काही आठवड्यांत ओसरतो. आजार परतला असेल तर तो हळूहळू, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी वर येतो आणि आपोआप कमी होत नाही. मात्रा उतरवायची ती हंगामाच्या घाईत किंवा घरात दुःख असताना नाही, तर कामे उरकलेल्या निवांत महिन्यांत, आणि शेवटच्या गोळीनंतरची एक भेट आधीच ठरवून.