पोर रडत नव्हते, मग गेले कसे?

शीव कोळीवाड्यातील आमच्या वस्तीत एका रविवारी आरोग्यावर चर्चा चालली होती. रक्तदाब, साखर असे नेहमीचे प्रश्न झाले. शेवटी मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. त्यांचे माहेर महाडकडचे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या भावाच्या लहान मुलाला रात्री लाल विंचू चावला. विंचू उतरवणारा आला, रात्रभर मंत्र झाले. "पोर रडत नव्हतं हो," मावशी म्हणाल्या. "घामानं भिजलं होतं, हातपाय गार पडले होते. आम्हाला वाटलं, विष उतरलं. पहाटे पोर गेलं. मग गेलं कसं?"

मी डॉक्टर नाही, साधा कारकून आहे. पण हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून जाणकारांना विचारले, वाचले. ते सोप्या शब्दांत मांडतो.

आपण गुरू तेगबहादूर नगर स्टेशनचा पूल धावत चढतो, तेव्हा छाती धडधडते, घाम फुटतो, तोंड कोरडे पडते. घरी येऊन चार घास खाल्ले आणि आडवे झालो, की छाती शांत होते, पोट कामाला लागते. यातले काहीही आपण सांगून होत नाही. हाताला 'उठ' म्हटले तर तो उठतो, हृदयाला 'थांब' म्हटले तर ते ऐकत नाही. झोपेतही चालू राहणाऱ्या या कामांसाठी शरीरात वेगळी व्यवस्था आहे. तिला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक हा तिचा मोठा मुकादम.

या व्यवस्थेचे दोन मुख्य भाग आहेत. बसला जसा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, तसे हे दोन. पहिला अनुकंपी. त्याच्या नसा पाठीच्या कण्यातून, छाती आणि कमरेच्या भागातून निघतात. कण्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या गाठींची साखळी असते. त्यामुळे संकट आले की सगळ्या शरीराला एकदम वर्दी जाते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालते, कातडीच्या आणि पोटाच्या रक्तवाहिन्या आवळतात. दुसरा भाग परानुकंपी. त्याच्या नसा मेंदूच्या खालच्या भागातून आणि कण्याच्या शेवटाकडून निघतात. त्यांतली व्हेगस ही मोठी नस हृदय, फुप्फुसे आणि जठरापर्यंत जाते. ती हृदय सावकाश चालवते, पचन सुरू करते. दोघांचा तोल राहिला की प्रकृती ठीक.

लाल विंचवाचे विष नेमका हा तोल मोडते. नसेतून संदेश जाताना सोडिअमच्या बारीक वाटा क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विष त्यांना नीट मिटू देत नाही. मग नसा थांबायचे नावच घेत नाहीत. आधी ओकारी, लाळ, दरदरून घाम. पुढे अ‍ॅक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि श्वास कोंडतो.

हे कोडे सोडवण्याचे मोठे काम महाडलाच झाले. महाड म्हटले की आपल्याला १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. त्याच तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नोकरी केली. विंचूदंशाच्या रोग्यांजवळ बसून त्यांनी एकेक लक्षण टिपले. ओकारी, घाम, गार हातपाय ही धोक्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडले. ज्याला ठणका फार, त्याला बहुधा धोका कमी. ज्याला ठणका थोडा पण घाम आणि गारठा फार, त्याचा जीव धोक्यात.

मांत्रिकाचे यश इथेच कळते. पुष्कळ दंशांत नुसता ठणका असतो आणि तो काही तासांनी आपोआप ओसरतो. श्रेय मंत्राला मिळते. ज्याला खरी बाधा झाली, त्याची मात्र उपचाराची वेळ मंत्रात जाते.

पुढे डॉ. बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरले आणि १९८६ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा भार उतरवते. पूर्वी तीव्र बाधा झालेल्या शंभरांपैकी पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण चारच्या खाली आले. त्यानंतर विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही आले. आपल्या परळच्या हाफकिनचे नाव त्यात आहे. २०११ साली महाडच्या ७० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जणच तेवढ्या वेळात बरे झाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मायबहिणींनो, मे महिन्यात, गणपतीत आपली मुले गावी जातात, जमिनीवर झोपतात. अंथरूण झटकून घाला, चपला आपटून पायात घाला, अंधारात लाकडाच्या ढिगात हात घालू नका. विंचू चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. मुलाला आडवे ठेवा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. प्राझोसिन घरी मनाने देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो, ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे.

हे सारे मी मावशींना जाऊन सांगितले. म्हटले, "मावशी, तेव्हा विंचवावर हे औषध वापरलंच जात नव्हतं. दोष तुमचा नाही." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भावाच्या नातवंडांना सांगते. पोर गप्प पडलं, तर आधी दवाखाना."