बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे पूर्वनियोजन आणि कंत्राटदाराचे दायित्व

प्रस्तावना

जुनी इमारत पाडल्यावर निघणाऱ्या मालाला पुण्यात राडारोडा म्हणतात, तर मुंबईत डेब्रिज. नावे वेगळी असली तरी त्याची गती पुष्कळदा सारखीच असते. रात्रीच्या वेळी नदीपात्राच्या कडेला, खाडीलगतच्या कांदळवनात किंवा उपनगरातील एखाद्या मोकळ्या भूखंडावर डंपर रिकामा केला जातो. या प्रकाराकडे सामान्यतः महानगरपालिकेच्या देखरेखीतील त्रुटी म्हणून पाहिले जाते. वस्तुतः या मालाचे काय होणार, हे डंपर भरण्याच्या कितीतरी आधी, कामाची निविदा लिहिली जाते आणि पाडकामाचा क्रम ठरतो तेव्हाच निश्चित झालेले असते. कंत्राटदारावर कचरा-नियोजनाचे जे दायित्व येते त्याचे स्वरूप कोणते आणि ते कागदावरच का राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नियमांतील तरतूद आणि तिचे गणित

सन २००० च्या नागरी घनकचरा नियमांत बांधकामाच्या कचऱ्याचा उल्लेख ओझरता होता. या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केंद्र शासनाने २९ मार्च २०१६ रोजी अधिसूचित केले. त्यांनुसार कचऱ्याची प्राथमिक जबाबदारी ‘कचरा निर्माण करणाऱ्या’वर होती आणि बांधकाम वा पाडकाम हाती घेणारी कोणतीही व्यक्ती किंवा संस्था या संज्ञेत येत होती. ‘कंत्राटदार’ हा शब्द मात्र पाणी, वीज, रस्ते, मलनिःसारण अशा सेवा पुरविणाऱ्या यंत्रणांच्या संदर्भातच ठळकपणे आला. खाजगी इमारतीच्या बाबतीत मालक, विकासक आणि कंत्राटदार यांपैकी ‘काम हाती घेणारा’ कोण, हे त्यांच्या आपसातील करारावर सोपविल्यासारखे झाले आणि करार या विषयावर सहसा मौनच पाळतो.

एका दिवसात २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्याने काम सुरू होण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाकडे कचरा व्यवस्थापन आराखडा सादर करून मंजुरी घ्यावी, कचऱ्याचे चार गटांत वर्गीकरण करावे आणि प्रक्रियेचे शुल्क भरावे, असे बंधन होते. काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लास्टिक, विटा व मसाला, असे हे चार गट. (पोलाद आणि प्लास्टिक एका ढिगात टाकण्याची कल्पना कोणत्याही भंगारवाल्याला हास्यास्पद वाटेल, पण तो भाग वेगळा.)

ही मर्यादा प्रत्यक्षात कोणाला लागू होते हे पाहण्यासारखे आहे. टायफॅक या केंद्रीय संस्थेने २००१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार नव्या बांधकामात प्रति चौरस मीटर ४० ते ६० किलोग्रॅम, तर पाडकामात ३०० ते ५०० किलोग्रॅम कचरा निघतो. पाडकामासाठी ४०० किलोग्रॅम हा मधला आकडा धरला, तर अवघ्या ७५० चौरस मीटरच्या इमारतीतून ३०० टन माल निघतो आणि ती महिन्याभरात पाडली की आराखडा बंधनकारक होतो. याउलट नव्या बांधकामासाठी ५० किलोग्रॅम धरले, तर ६,००० चौरस मीटरच्या इमारतीतून संपूर्ण कामात ३०० टन निघतात. काम दीड वर्ष चालले, तर महिन्याची सरासरी सुमारे १७ टन पडते. दीड वर्षाच्या कामात महिन्याला सरासरी ३०० टनांची पातळी गाठायची, तर इमारत १,०८,००० चौरस मीटरची असावी लागेल. म्हणजे वजन आणि महिना यांवर आधारलेली ही अट पाडकामाला पकडणारी आणि बहुतेक नव्या बांधकामांना सोडून देणारी होती. शिवाय पाडकाम थोडे लांबविले की तेही सुटू शकत होते.

पाडकामाचा क्रम

आराखडा ‘काम सुरू होण्यापूर्वी’ हवा, हा आग्रह केवळ प्रशासकीय सोयीसाठी नाही. त्यामागील कारण पदार्थाच्या गुणधर्मात आहे. खडी-वाळूविषयीच्या भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुनर्प्रक्रियित खडीचे दोन प्रकार केले आहेत. केवळ काँक्रीट दळून मिळालेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ पर्यंतच्या प्रबलित काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. विटा, गिलावा आणि काँक्रीट यांच्या मिश्रणातून मिळालेली खडी मात्र फक्त एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये चालते. एकाच इमारतीचा माल वरच्या पायरीवर बसेल की खालच्या, हे प्रक्रिया केंद्रातील यंत्र पूर्णपणे ठरवू शकत नाही. यंत्र लोखंड चुंबकाने काढते, माती धुऊन काढते. काँक्रीटला चिकटलेला गिलावा आणि विटांचा चुरा वेगळा करणे त्याला अवघड आणि खर्चिक पडते.

म्हणून पाडकामाचा क्रम हाच आराखड्याचा गाभा ठरतो. प्रथम ॲस्बेस्टॉसचे पत्रे अखंड उतरवावे लागतात. टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्यात मोडते आणि पत्रा एकदा फुटून ढिगात मिसळला की सारा ढीगच संशयित होतो. त्यानंतर दारे-खिडक्या, वीजतारा, नळ, शहाबादी फरशी, कडप्पा. मग विटांच्या भिंती. आणि सर्वांत शेवटी स्तंभ-तुळयांचा सांगाडा. यांपैकी विक्रीयोग्य वस्तू काढण्याचे काम आपल्याकडे उत्तम होते, कारण त्यांना जुन्या बाजारात भाव आहे. पाडकाम करणारा कंत्राटदार अनेकदा मालकाकडून पैसे घेण्याऐवजी, सळई आणि सागवान आपल्याला मिळणार या हिशेबाने, उलट मालकालाच पैसे देतो. पुनर्वापराची ही परंपरा कोणत्याही नियमाआधीची आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण तिच्यानंतर सुरू होते. सळई काढून झाली की उरलेल्या मालाला किंमत नसते, जागा लवकर मोकळी करून देण्याची घाई असते, आणि मग भिंत व सांगाडा यांत फरक न करता यंत्र एकदमच चालते.

निविदेतील मौन

कंत्राटदार दराच्या भाषेत विचार करतो. यात त्याचा दोष नाही. त्याचा व्यवसायच तो आहे. सार्वजनिक बांधकामाच्या दरसूचीत पायाखोदाईच्या बाबीतच खोदलेला माल ५० मीटरच्या ‘लीड’पर्यंत वाहून नेऊन पसरणे किंवा रचून ठेवणे अंतर्भूत असते. मोकळ्या माळरानावरील कामासाठी ही तरतूद पुरेशी आहे. परंतु दाट वस्तीत ५० मीटरवर शेजाऱ्याची भिंत असते. अशा ठिकाणी निविदेत ‘अभियंत्याच्या निर्देशानुसार राडारोड्याची विल्हेवाट लावणे’ एवढेच शब्द असतील आणि परिमाणपत्रकात त्यासाठी टनाचा दर नसेल, तर प्रामाणिक निविदाकाराने प्रक्रिया केंद्रापर्यंतची वाहतूक आणि शुल्क धरून भरलेली निविदा महाग ठरते, आणि काम जवळची मोकळी जागा मनात धरून दर भरणाऱ्याला मिळते. दायित्व आहे पण त्याची मोजणी नाही, अशा स्थितीत सर्वांत कमी दराची अट नियम मोडणाऱ्याच्या बाजूने काम करते. कचऱ्याचा प्रत्येक गट परिमाणपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून आला आणि त्याचे देयक प्रक्रिया केंद्राच्या वजनपावतीवर अवलंबून ठेवले, तर हा कल बदलतो. कारण मग पावती नसलेल्या डंपरचे पैसे मिळत नाहीत.

इंग्लंडमधील प्रयोग

आराखडा, मोजणी आणि दर यांची सांगड घालण्याचा एक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला असून त्याचा अनुभव येथे उपयुक्त आहे. ६ एप्रिल २००८ पासून ३,००,००० पौंडांहून अधिक खर्चाच्या प्रत्येक बांधकामासाठी स्थळ-कचरा व्यवस्थापन आराखडा सक्तीचा झाला. तो काम सुरू होण्यापूर्वी तयार करवून घेणे ही मालकाची जबाबदारी, आणि काम चालू असताना तो अद्ययावत ठेवणे ही मुख्य कंत्राटदाराची. आराखड्याविना काम सुरू झाल्यास दोघेही दोषी ठरत, त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाही. खर्च ५,००,००० पौंडांपेक्षा जास्त असल्यास काम संपल्यापासून तीन महिन्यांत अंदाजित आणि प्रत्यक्ष कचऱ्याची तुलना नोंदवावी लागे. ही तुलनाच या नियमांतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हटली पाहिजे. पुढील कामाचा अंदाज तिच्यामुळे सुधारतो.

१ डिसेंबर २०१३ रोजी हे नियम अनावश्यक कागदोपत्री भार म्हणून रद्द करण्यात आले. तथापि, १९९६ पासून लागू असलेला भूभरण कर कायम राहिला. २००८ मध्ये सर्वसाधारण कचऱ्यावर हा कर टनाला ३२ पौंड होता, तर काँक्रीट, विटा यांसारख्या निष्क्रिय मालावर केवळ अडीच पौंड. विटांच्या गाडीत लाकूड आणि प्लास्टिक मिसळले की संपूर्ण गाडीवर चढा दर लागू शकत असे. वर्गीकरण का करावे, याचे याहून स्पष्ट उत्तर कंत्राटदाराला दुसरे देता येणार नाही.

मुंबई आणि नवे नियम

मुंबईत हाच प्रश्न न्यायालयाच्या मार्गाने पुढे आला. देवनार आणि मुलुंड येथील कचराभूमींच्या स्थितीमुळे मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध घातले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतून सहा महिन्यांची तात्पुरती सवलत दिली, ती अटींसह: राडारोडा मंजूर आराखड्यात नमूद केलेल्या जागीच टाकावा, त्या जागेची संमती असावी आणि विकासकाने बँक हमी द्यावी. येथे प्रथमच ‘माल कुठे जाणार’ याचे उत्तर परवानगीच्या आधी आणि पैशाच्या तारणासह द्यावे लागले.

एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी २०१६ च्या नियमांची जागा घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यांत विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाचे तत्त्व असून, पुनर्प्रक्रियेची टक्केवारी गाठण्याचे बंधन २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर आहे. मासिक वजनाऐवजी क्षेत्रफळ हा निकष आल्याने मोठे नवे बांधकाम आता निसटत नाही. मात्र वरील गणित येथेही लावून पाहावे. २०,००० चौरस मीटरच्या नव्या संकुलातून सुमारे १,००० टन कचरा निघेल. पुनर्विकासासाठी पाडल्या जाणाऱ्या २,००० चौरस मीटरच्या एखाद्या जुन्या गृहनिर्माण संस्थेतून सुमारे ८०० टन निघतील. पहिल्यावर टक्केवारीचे लक्ष्य आहे. दुसरीच्या जागी येणारी इमारत २०,००० चौरस मीटरच्या आत राहिली, तर तिच्यावर माल वेगळा ठेवून नेमलेल्या जागी पोहोचविण्याचे सर्वसाधारण कर्तव्य तेवढे राहते. मुंबई-पुण्यातील पुनर्विकासाची बरीचशी कामे या दुसऱ्या प्रकारची आहेत, आणि त्यांच्या राडारोड्याचा मार्ग यापुढेही गृहनिर्माण संस्था, विकासक आणि पाडकाम कंत्राटदार यांच्यातील कराराच्या कलमांतच ठरणार आहे.