घरावरचे आकाश आणि ड्रोन

चेन्नईतील टी. नगर, म्हणजेच त्यागराय नगर, ही वसाहत १९२० च्या दशकात आखली गेली, तेव्हा घराची हद्द म्हणजे कुंपणाची भिंत असे साधे गणित होते. आज येथील रंगनाथन रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीसाठी गर्दी उसळली की पोलीस ड्रोनद्वारे वरून लक्ष ठेवतात, विवाहसोहळ्यांचे चित्रीकरण ड्रोनने होते आणि शेजारच्या इमारतीतील एखादा हौशी युवकही आपले छोटे यंत्र उडवून पाहतो. तमिळ घरांची ‘मोट्टै माडी’, म्हणजे उघडी गच्ची, हा घराचाच एक भाग. तेथे वडाम वाळतात, कपडे वाळतात, उन्हाळ्यात माणसे झोपतातही. अशा गच्चीवर घोंघावणारे यंत्र येऊन स्थिरावले की घरमालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे पाडता येईल काय?

पाडता येणार नाही. आपल्याकडील कायद्याने ड्रोन हे मानवरहित विमानच मानले आहे. त्यावर दगड भिरकावणे म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करणे होय आणि भारतीय न्याय संहितेनुसार ती ‘आगळीक’ ठरू शकते. खाली कोणास इजा झाली तर ती जबाबदारी निराळीच. संदेशलहरी रोखणारे जॅमर सरकारी अनुमतीशिवाय वापरणेही बेकायदेशीर आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात २०१५ मध्ये एका घरमालकाने अंगणावर आलेले ड्रोन बंदुकीने पाडले आणि स्थानिक न्यायाधीशाने त्याच्यावरील आरोप रद्द केले, हा दाखला पुष्कळदा दिला जातो. परंतु तो तेथील एका खालच्या न्यायालयाचा निर्णय आहे. त्याच्या भरवशावर आपण येथे हात उचलणे शहाणपणाचे नव्हे.

मग घरावरचे आकाश आपले नाहीच काय? जमिनीच्या मालकाची मालकी थेट आकाशापर्यंत पोहोचते, ही जुनी कल्पना विमानांनी मोडीत काढली. अमेरिकेतील एका कुक्कुटपालकाच्या शेतावरून लष्करी विमाने इतकी खालून जात, की कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. त्या खटल्यात १९४६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालक जेवढ्या उंचीचा प्रत्यक्ष उपयोग करू शकतो तेवढ्या अवकाशावर त्याचा हक्क आहे, त्यापलीकडे नाही. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यातही वाजवी उंचीवरून केवळ उड्डाण झाले म्हणून अतिक्रमणाचा दावा लावण्यास मनाई होती. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.

म्हणून उड्डाणापेक्षा त्या उड्डाणातून काय केले जाते, याकडे पाहणे अधिक फलदायी. ‘ड्रोन नियम, २०२१’ मध्ये खासगीपणाविषयी स्वतंत्र कलम नाही, ही आमच्या मते उणीवच आहे. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. एखाद्या स्त्रीचे खासगी क्षणी चोरून चित्रण करणे हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि संमतीवाचून शरीराच्या खासगी भागाचे चित्रण करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चित्रण कॅमेऱ्याने गच्चीवरून केले की आकाशातून, याने फरक पडत नाही.

उड्डाणाचे नियमही घरमालकाच्या उपयोगी पडतात. ड्रोनची नोंदणी होऊन त्यास विशिष्ट ओळख क्रमांक मिळावा लागतो. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. परंतु विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. टी. नगर या १२ किलोमीटरांच्या आतच आहे. त्यामुळे ‘मोकळे आकाश आहे, कोणीही उडवावे’ हा युक्तिवाद तेथे मुळीच टिकत नाही.

यंत्र दिसताच दिनांक, वेळ, अंदाजे उंची, ते कोणत्या खिडकीसमोर किती वेळ थांबले आणि कोणत्या दिशेस परतले, हे टिपून ठेवावे. मोबाइलवर चित्रण करावे. छोटी यंत्रे फार दूर जात नाहीत, चालक बहुधा जवळपासच असतो. त्याच्याशी सौजन्याने बोलल्यास निम्मी प्रकरणे तेथेच मिटावीत. न मिटल्यास ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. ड्रोन गच्चीवर कोसळून पाण्याची टाकी वा सौर पट्टी फुटली, तर ते परत देण्यापूर्वी ओळख क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे. २५० ग्रॅमपर्यंतची नॅनो यंत्रे वगळता ड्रोनला त्रयस्थ पक्ष विमा आवश्यक आहे, आणि भरपाईचा मार्ग तेथूनच निघतो.

मात्र प्रत्येक ड्रोन हेरगिरीसाठीच येते असे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वांद्र्याच्या कलानगरातील ‘मातोश्री’ निवासस्थानावर ड्रोन दिसल्याने मोठी खळबळ उडाली. एमएमआरडीएचे ते परवानगी घेतलेले सर्वेक्षण होते, असा खुलासा झाला. पण मग रहिवाशांना आधी का कळविले नाही, हा आदित्य ठाकरे यांचा प्रश्न राजकारण बाजूला ठेवूनही रास्त वाटतो. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना आणि पुणे जिल्ह्यांतील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, तेव्हा चोरांच्या पाळतीच्या शंकेने ग्रामस्थांनी रात्री जागून काढल्या. एक फलक, एक दवंडी किती भीती वाचविते!

एक ड्रोन तर आपण हजर राहून पाहावे असे आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाच्या मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना देशभर जाहीर झाली. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातून गलाई व्यवसायासाठी तमिळनाडूत आलेल्या कुटुंबांचे गावाकडचे घर वर्षाचे बहुतेक महिने कुलूपबंद असते. उड्डाणापूर्वी हद्दींवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात आणि ड्रोन त्याच रेषा टिपते. ती रेषा शेजाऱ्याने एक हात सरकवली, तर पुढील मालमत्ता पत्रकात तेवढीच जागा कमी होणार. बँकेत तारण ठेवायचे ते हेच पत्रक. म्हणून मोजणीची नोटीस लागल्याचे कळताच गावी जावे, ते अशक्य असल्यास जुना आठ-अ उतारा आणि अधिकारपत्र देऊन भावाला किंवा पुतण्याला उभे करावे. हरकत चौकशीच्या वेळीच लेखी नोंदवावी. पत्रक हाती पडल्यावर तीच दुरुस्ती अपिलात मागावी लागते.