दिवा जरा खाली घ्या!

भाड्याची रूम म्हटली की उजेडाचा हिशोब ठरलेला. भिंतीवर उंच एक ट्यूबलाइट, विषय संपला. चौघांपैकी दोघांना अकरालाच झोप येते आणि तिसऱ्याचं जर्नल उद्या सबमिट करायचं असतं. ट्यूब लावली तर शिव्या, बंद केली तर मोबाइलचा टॉर्च. त्यात ट्यूब पाठीमागे असेल तर वहीवर आपल्याच डोक्याची सावली!

यावरचा उपाय रील्समध्ये रोज दिसतो, तो म्हणजे पेंडंट लाइट. छतापासून वायरने खाली सोडलेला, फक्त टेबलापुरता उजेड देणारा दिवा. 'हे फ्लॅटवाल्यांचे लाड' असं वाटत असेल तर आठवा, दर दिवाळीला आकाशकंदील तुम्हीच टांगता ना? होल्डर, वायर, प्लग आणि वर एक शेड. पेंडंट म्हणजे हेच! जपानमधले गिफूचे कागदी कंदील पाहून इसामू नोगुचीने १९५१ पासून 'अकारी' दिवे बनवले, ते आजही जगभरच्या घरांत लटकतायत.

खरेदीला जाण्याआधी

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. तिथे गेलात की डोळे शेडकडे धावतात. आधी तीन गोष्टी बघा.

• शेड : अभ्यासासाठी खालच्या बाजूला उघडी, पण बल्ब झाकणारी हवी. काचेतून नुसता बल्ब दिसणारे दिवे फोटोत भारी वाटतात, पण समोर बसलं की डोळ्यांवर येतात.

• बल्ब : टेबलापुरता ७ ते ९ वॅटचा एलईडी पुरे. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराफटक. वाचायला ४००० च्या आसपासचा बरा. होल्डर पिनचा (बी-२२) की आट्यांचा (ई-२७), तेही बघून घ्या. कागदी किंवा कापडी शेडमध्ये जुना तारेचा बल्ब लावूच नका, तो फार तापतो.

• वायर : कंदिलाबरोबर मिळणारी बारीक वायर चार दिवसांसाठी ठीक. रोज वापरायची तर आयएसआय मार्कची घ्या. शेड धातूची असेल तर तीन तारांची वायर आणि थ्री-पिन प्लग हवा, म्हणजे अर्थिंग मिळतं.

किती खाली?

टेबलाच्या पृष्ठभागापासून शेडची खालची कड साधारण ३० इंच वर हवी. टेबल ३० इंच उंच आणि छत ९ फुटांवर असेल, तर दिवा छतापासून ४ फूट खाली येतो. पण टेपपेक्षा खुर्ची खरी. तुम्ही खुर्चीत बसा, मित्राला दिवा धरायला सांगा. बल्ब थेट डोळ्यांत येत असेल तर उंची बदला. येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र दिवा किमान ७ फुटांवर हवा, नाहीतर रोज कपाळमोक्ष. पंख्यापासूनही लांबच बरा. वाऱ्याने दिवा झुलला की वहीवरची सावलीही झुलते, मग वाचा कसं वाचायचं ते.

टांगायचा कुठे?

इथे डिपॉझिटचा प्रश्न येतो. ड्रिल मारण्याआधी वर बघा. जुन्या घरांत स्लॅबला पाळण्याची कडी असते, नाहीतर माळ्याची कड किंवा खिडकीचं ग्रिल असतंच. पंख्याच्या हुकाला हात लावू नका. डिस्टेंपरवर चिकटवायचे हूक टिकत नाहीत आणि निघताना रंगाचा पापुद्राही घेऊन येतात. हूक ठोकायचाच असेल तर, "काका, टेबलावर एक छोटा हूक लावू का? जाताना बुजवून देतो," असा मेसेज घरमालकाला टाका. होकार लेखी राहतो.

वजन हुकावर किंवा दोरीवर राहू द्या, वायर जरा सैल सोडा. वायर ताणली की होल्डरमधले स्क्रू ढिले पडतात, ठिणग्या तिथूनच सुरू होतात. प्लग सरळ सॉकेटमध्ये, म्हणजे घरमालकाच्या वायरिंगला हातच लावायला नको.

इथे थांबा

छतातल्या वायरलाच दिवा जोडायचा असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. जुन्या इमारतींत बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट असू शकतो, कारण कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. वायरच्या रंगांवरही भरवसा नको. त्यामुळे एमसीबी खाली पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या. साधा बल्ब बदलतानाही हीच सवय ठेवा, पाय ओले असताना तर नकोच. आणि जुना होल्डर फेकू नका, रूम सोडताना तोच परत लागणार आहे.

एवढं जमलं की टेबल तुमचं, उजेड तुमचा. रूममेट्स घोरू देत, जर्नल पूर्ण करा!