शाळकरी वयातली स्पॅनिश

अमेरिकेतल्या शाळांत परभाषा म्हणून सर्वांत जास्त शिकवली जाते ती स्पॅनिश. २०२०च्या जनगणनेत तिथल्या सहा कोटींहून अधिक लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया या राज्यांत ही भाषा दुकानात, दवाखान्यात आणि शेजाऱ्याच्या अंगणातही कानावर पडते. तिच्या अभ्यासाला पुस्तकाबाहेरचा आधार आहे, तो असा.

या शिक्षणातला सर्वांत धाडसी प्रयोग मायामीत झाला. १९५९च्या क्रांतीनंतर क्यूबातून हजारो कुटुंबे तिथे आली. १९६३ साली कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने क्यूबन आणि इंग्रजीभाषक मुलांना एकाच छपराखाली घेतले आणि शाळेचा दिवस दोन भाषांत वाटून टाकला. स्पॅनिशचा वेगळा तास लावण्यापेक्षा शाळेतले विषयच त्या भाषेतून शिकवणे, हे या प्रयोगाचे मर्म. १९७१ साली कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीने पुढची पायरी गाठली. तिथे घरी फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बालवर्गापासूनच स्पॅनिश माध्यमात बसवले गेले. आज अशा द्विभाषिक शाळांचे दोन प्रमुख साचे दिसतात. एकात दोन्ही भाषांना निम्मा निम्मा वेळ मिळतो. दुसऱ्यात सुरुवातीला नव्वद टक्के शिक्षण स्पॅनिशमधून होते आणि इयत्तेगणिक इंग्रजीचा वाटा वाढत जातो. हे सगळीकडे सुरळीत झाले असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ साली द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधने घातली आणि २०१६ साली ती स्वतःच उठवली.

बहुसंख्य मुलांच्या वाट्याला मात्र आठवड्यातले काही थोडके तासच येतात. रंग, आकडे, वार, फळांची नावे आणि दोन-चार गाणी यांत वर्ष संपते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच रंग, तेच आकडे. मुलांना स्पॅनिशची गोडी लागावी एवढ्यापुरते हे ठीक आहे. त्याला भाषा येणे म्हणता येत नाही.

लहान वर्गात काय चालते, हे जेम्स अ‍ॅशर या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीवरून कळते. शिक्षिका ‘लेबान्ताते’ म्हणते आणि स्वतः उठून उभी राहते. ‘सिएन्ताते’ म्हणते आणि बसते. मग मुले तसे करतात. ‘तोका ला मेसा’ म्हटले की सगळे टेबलाला हात लावतात. थोड्या वेळाने ती स्वतः काहीच करत नाही, नुसती आज्ञा देते. मूल चटकन टेबलाशी पोचले तर त्याला शब्द कळला. त्याने लगेच बोललेच पाहिजे असा आग्रह नसतो, कारण घरची भाषाही मूल आधी समजते आणि मग बोलते. स्पॅनिशचे पाच स्वर स्वच्छ आहेत आणि लेखन बरेचसे उच्चाराबरहुकूम आहे, त्यामुळे वाचन इंग्रजीपेक्षा लवकर जमते.

सहावी ते आठवी, म्हणजे मिडल स्कूलमध्ये, व्याकरण टाळून चालत नाही. या वयाच्या मुलांना नियम विचारावासा वाटतो आणि सांगितलेला कळतो. नामांचे लिंग, कर्त्यानुसार बदलणारी क्रियापदे आणि ‘असणे’ यासाठीची ‘सेर’ व ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे इंग्रजीभाषक मुलांना जड जातात. ‘आबुर्रिदो’ या एकाच विशेषणाला ‘एस्तार’ लावले तर माणूस कंटाळलेला ठरतो, ‘सेर’ लावले तर कंटाळवाणा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांची काही ठिकाणी सोय होते. ‘मे गुस्ता एल लिब्रो’ आणि ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ यांत क्रियापद पुस्तकाच्या वचनाप्रमाणे बदलते, जसे ‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ यांत बदलते. स्पॅनिशमधले दंत्य त आणि द तर त्यांच्या तोंडात आधीच असतात.

घरी स्पॅनिशच बोलणाऱ्या मुलांची अडचण निराळी. ती भाषा सहज बोलतात, पण तिच्यात लिहायला कोणी शिकवलेले नसते. ‘बे’ आणि ‘उबे’ या दोन अक्षरांचा उच्चार एकच, आणि ‘आचे’ हे अक्षर बहुधा मुके. नमस्काराच्या ‘ओला’तले ते अक्षर गळले की शब्दाचा अर्थ ‘लाट’ होतो. या मुलांना रंग-आकड्यांच्या वर्गात बसवणे अन्यायाचे आहे. जाणत्या शाळा त्यांच्यासाठी वाचन-लेखनाचे स्वतंत्र वर्ग ठेवतात.

लवकर सुरुवात केली की सगळे साधते, ही समजूत शाळेच्या बाबतीत खरी ठरत नाही. बार्सिलोनात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासात, तासांची संख्या सारखी असताना उशिरा सुरुवात करणारी मुलेच वेगाने पुढे गेली. लहान मुलांचे कान तयार असतात, पण त्यांना भाषा भरपूर ऐकायला मिळावी लागते. पाचवीपर्यंत स्पॅनिश शिकलेले मूल सहावीत पुन्हा पहिल्या धड्यावर बसवले गेले, तर आधीची वर्षे वाया जातात. अमेरिकेतल्या मराठी पालकांनी शाळा निवडताना स्पॅनिश कोणत्या इयत्तेपासून सुरू होते हे तर विचारावेच, पण पाचवीनंतर ती कुठून पुढे जाते हे त्याआधी विचारावे.